रस्ता कोणाचा, निधी कोणाचा? कोकणातील रस्त्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत कोकणातील रस्त्यांविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतील वाचकांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे. निधी मंजूर झाल्याचे वर्तमानपत्रात छापून येते, भूमिपूजन होते, आणि त्यानंतर काम का अडले हे सांगणारा कोणी भेटत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या वाडीकडे जाणारा रस्ता जिल्हा परिषदेचा आहे असे सार्वजनिक बांधकाम विभाग म्हणतो, आणि जिल्हा परिषदेत गेलो की तो आमच्या यादीतच नाही असे उत्तर मिळते. मग तो आहे कोणाचा? (एक वाचक, दापोली तालुका)

दोन्ही कार्यालयांनी आपल्याला दिलेले उत्तर एकाच वेळी खरे असू शकते, आणि अडचण नेमकी तीच आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गांखेरीज राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी रस्त्यांची वर्गवारी आहे. यांतील राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रत्येक रस्त्याला रस्ते विकास योजनेत क्रमांक दिलेला असतो. कार्यालयात ज्यांना प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा म्हणतात ते हेच क्रमांक. ज्या रस्त्याला क्रमांक नाही त्याचे अंदाजपत्रक कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या कोणत्या सदराखाली, करायचे हे अभियंत्याला सांगता येत नाही, आणि लेखाशीर्षाशिवाय सरकारी पैसा हलत नाही. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या देखभालीसाठी ३०५४ आणि नव्या बांधकामासाठी ५०५४ ही लेखाशीर्षे प्रामुख्याने वापरली जातात. त्यांखालील रक्कम पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक आराखड्यातून येते. म्हणून पहिले काम हे की ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हा परिषदेकडे लेखी अर्ज करून रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक मिळाला आहे का ते विचारावे, आणि नसेल तर त्याचा समावेश करण्याचा प्रस्ताव द्यावा.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. देशावरचे गाव बहुधा एका ठिकाणी वसलेले असते. आपले गाव आठ-दहा वाड्यांत विखुरलेले असते आणि दोन वाड्यांमध्ये एखादा पऱ्या (ओहोळ), एखादी टेकडी किंवा भातखाचरे असतात. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सर्वसाधारण भागासाठी ५०० लोकसंख्येच्या वस्तीची अट होती. गावाची लोकसंख्या दीड हजार असली तरी एकेकटी वाडी त्या अटीत बसत नसे, आणि मुख्य वाडीपर्यंत डांबरी रस्ता पोहोचला की गाव जोडले गेले असे कागदावर धरले जाई. राज्याने २०१५ पासून राबवलेली मुख्यमंत्री ग्रामसडक योजना अशा उरलेल्या रस्त्यांसाठी उपयोगी पडली, पण तिचीही मर्यादा आहे. माझे स्पष्ट मत असे की वस्तीच्या लोकसंख्येचा निकष विखुरलेल्या कोकणी गावावर अन्याय करतो. रस्त्यामुळे किती घरांची पायपीट वाचते आणि दवाखाना किंवा शाळा किती जवळ येते, हा निकष येथे अधिक न्याय्य ठरेल.

वाडीचा रस्ता पुष्कळदा जुन्या पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) किंवा खाजगी जमिनीतून जातो, हेही लक्षात ठेवावे. सातबारावर वीस सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतील निम्मे मुंबईत असतात आणि काहींच्या वारसनोंदी झालेल्या नसतात. सर्वांची लेखी संमती मिळाल्याशिवाय अधिकाऱ्याने काम सुरू केले, तर एका हिस्सेदाराच्या हरकतीने ते थांबते. गणपतीत किंवा शिमग्याला मंडळी गावी येतात, त्याच वेळी संमतिपत्रे पुरी करून घेतलेली बरी.

राहिला दर्जोन्नतीचा मुद्दा. ग्रामीण मार्गाला प्रमुख जिल्हा मार्गाचा दर्जा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र आहे. दर्जा बदलतो तेव्हा रस्ता एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे जातो, निधी मात्र त्याच्याबरोबर आपोआप जात नाही. नव्या विभागाच्या आराखड्यात काम बसेपर्यंत जुना विभाग हात काढून घेतो, आणि मधल्या काळात खड्डे कोणीच बुजवत नाही. ज्या रस्त्यावरून दोन तालुक्यांमधील वाहतूक खरोखर चालते त्याच्यासाठीच दर्जोन्नती मागावी.

प्रश्न : आमच्या पुलासाठी निधी मंजूर झाल्याला बराच काळ लोटला. मंजूर झालेला पैसा जातो कुठे? (एक वाचक, गुहागर)

मंजुरी आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रथम कामाला प्रशासकीय मान्यता मिळते. तिचा अर्थ एवढाच की हे काम अमुक खर्चात करावे हे शासनाला तत्त्वतः मान्य आहे. नंतर अभियंता सविस्तर अंदाजपत्रक करतो आणि त्याला तांत्रिक मान्यता मिळते. त्यानंतर निविदा निघते, ती स्वीकारली जाते आणि कार्यारंभ आदेश दिला जातो. या सर्व टप्प्यांना समांतर असा स्वतंत्र प्रवाह पैशाचा असतो. मार्चमधील अर्थसंकल्पात किंवा त्यानंतरच्या पुरवणी मागण्यांत त्या कामापुढे त्या वर्षासाठी किती तरतूद दाखवली आहे, आणि प्रत्यक्षात किती वितरित झाली, हे पाहावे लागते. अनेक कोटींच्या पुलापुढे पहिल्या वर्षी काही लाखांची तरतूद दाखवली जाणे हे अपवादात्मक नाही. काम यादीत शिरते, त्याची बातमी होते, पण एवढ्या रकमेत ठेकेदार यंत्रसामग्रीही आणू शकत नाही. हाती घेतलेल्या कामांची एकूण किंमत वर्षाच्या तरतुदीच्या कितीतरी पट झाली की प्रत्येक कामाला थोडे थोडे मिळते आणि कोणतेच वेळेत पुरे होत नाही. नवी कामे कमी घेऊन चालू कामे आधी संपवावीत, असे मला ठामपणे वाटते. ज्या प्रतिनिधीला हे पटेल त्याला मतदारांनीही पाठबळ द्यायला हवे.

पैशाचे स्रोतही सांगतो. राज्याचा अर्थसंकल्प हा मुख्य स्रोत. ग्रामीण रस्ते आणि पुलांसाठी नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीतून कर्ज मिळते. पेट्रोल आणि डिझेलवर केंद्र जो उपकर घेते तो २००० च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय मार्ग निधीत जमा होत असे. २०१८ पासून त्याला केंद्रीय मार्ग आणि पायाभूत सुविधा निधी म्हणतात. त्यातून राष्ट्रीय महामार्गांबरोबर राज्याच्या काही रस्त्यांनाही पैसे मिळतात, आणि तालुक्यात ज्या कामांना ‘सीआरएफचे काम’ म्हणतात ती हीच.

कोकणातील खरी कोंडी मात्र ऋतूंची आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. तरतूद कळवली जाईपर्यंत मे उजाडतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि अनेक ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात ओल्या खडीवर डांबर धरत नाही आणि खाडीत पायाचे काम करता येत नाही. म्हणजे कामाचे दिवस ऑक्टोबर ते मे. निविदा पावसाळ्यात पुऱ्या झाल्या तर दसऱ्याला काम सुरू होऊ शकते. त्या रखडल्या तर जानेवारी उजाडतो, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा म्हणून घाईत डांबरीकरण उरकले जाते. पहिल्या पावसात उखडणाऱ्या रस्त्यांचे एक मोठे कारण येथे आहे. पाऊस पडत असताना कागद आणि पाऊस उघडल्यावर काम, हा क्रम पाळण्याची सक्ती कोकणातील तिन्ही जिल्ह्यांना असायला हवी.

आपण कार्यकारी अभियंत्यांकडे माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक, चालू वर्षाची तरतूद, आणि कार्यारंभ आदेशाची प्रत. यांतील जी गोष्ट मिळणार नाही, तेथे काम अडले आहे असे समजावे.

प्रश्न : मुंबई-गोवा महामार्ग सिंधुदुर्गात सुरेख झाला आणि आमच्याकडे इतकी वर्षे रखडला. रस्ता एकच असताना असे का? (एक वाचक, माणगाव)

हा प्रश्न सर्वाधिक वाचकांनी विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे आपल्याकडे पूर्वीचा १७, नकाशावर एक असला तरी महाराष्ट्रात तो दोन यंत्रणांनी बांधायला घेतला. पनवेल ते इंदापूर हा सुमारे ८४ किलोमीटरचा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता. त्यापुढे इंदापूर ते झाराप हा भाग केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पैशाने राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातील राष्ट्रीय महामार्ग शाखेने करायचा होता, आणि त्याचे अनेक टप्पे पाडून वेगवेगळ्या ठेकेदारांना दिले गेले. झाराप ते गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवी हा शेवटचा तुकडा आधीच चौपदरी झाला होता. आपल्याकडचे इंदापूर हे त्यामुळे केवळ गाव राहिले नाही, दोन यंत्रणांची हद्द झाले.

दुसरा फरक पैशाच्या पद्धतीचा. पनवेल-इंदापूरचे काम २०११ मध्ये सुरू झाले ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर. यात ठेकेदार बँकांकडून कर्ज काढून रस्ता बांधतो आणि पुढे टोलमधून ते वसूल करतो. जमीन मिळायला उशीर झाला की व्याज चढते, व्याज चढले की बँका हात आखडतात, आणि मग जमीन मिळाली तरी ठेकेदाराकडे पैसा नसतो. या भागात भूसंपादन रेंगाळले, कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाणाऱ्या तुकड्यासाठी वन्यजीवविषयक परवानग्यांचा प्रश्न उभा राहिला, आणि ठेकेदाराची आर्थिक स्थिती ढासळली. पुढे ही व्यवस्था मोडून नव्याने कामे द्यावी लागली. दुसरी पद्धत अशी की शासन मोजमापानुसार थेट पैसे देते आणि ठेकेदाराने आराखडा व बांधकाम दोन्ही करायचे. तिला ईपीसी म्हणतात. तळगाव ते कळमठ आणि कळमठ ते झाराप हे सिंधुदुर्गातील टप्पे बरेच आधी पुरे झाले. २०१६ पासून वापरात आलेल्या हायब्रीड ॲन्युइटी पद्धतीत शासन बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम देते आणि उरलेली ६० टक्के पुढील वर्षांत हप्त्यांनी फेडते. पद्धत कोणतीही असो, ठेकेदाराची ऐपत नीट तपासली गेली नाही तर काम बसते. आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे रत्नागिरीतील टप्पे मागे पडले, ते पाहिले की पद्धतीच्या नावात जादू नाही हे कळते.

तिसरे कारण जमिनीचे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ नुसार कलम ३अ ची अधिसूचना निघते, २१ दिवसांत हरकती घेता येतात, कलम ३ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते, आणि मग सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुधा प्रांताधिकारी, मोबदला ठरवतात. १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी महामार्गांनाही लागू झाल्या आणि शेतकऱ्याच्या हाती पूर्वीपेक्षा बरी रक्कम पडू लागली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण कोकणात जमिनीचे मूल्य एका आकड्यात बसत नाही. आंबा, काजू, नारळ या फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभाग करतो, साग-ऐनाचे वन विभाग करतो, घरादाराचे बांधकाम विभाग करतो, आणि या तिघांचे अहवाल आल्याशिवाय निवाडा पुरा होत नाही. त्यात सामाईक सातबारा, कुळाची नोंद, परगावी असलेले वारस. हिस्सेदारांत वाद असेल तर रकमेची वाटणी दिवाणी न्यायालयाकडे जाते. कायद्याप्रमाणे रक्कम जमा झाल्यावर ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घेता येतो. परंतु पैसे न मिळालेल्या माणसाच्या कलमांच्या बागेत यंत्र घालण्याचे धैर्य कोणी अधिकारी दाखवत नाही, आणि त्याने ते दाखवू नये असेच मला वाटते. उपाय उलट बाजूचा आहे. जमीन ताब्यात येण्यापूर्वी ठेकाच देऊ नये. आता बहुतांश जागा हाती आल्याशिवाय काम सुरू झाल्याची तारीख धरायची नाही, असा दंडक आहे. २०११ मध्ये तो कसोशीने पाळला गेला असता तर पुढची कितीतरी वर्षे वाचली असती.

येथे कोकण रेल्वेची आठवण होणे साहजिक आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, त्यात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के भांडवली वाटा होता. उरलेला पैसा प्रामुख्याने रोख्यांतून उभारला गेला, आणि याच डोंगरांतून, याच पावसात, जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. रेल्वेला घरांच्या आणि बाजारपेठांच्या रांगा हलवाव्या लागल्या नाहीत आणि बांधकाम चालू असताना वाहतूकही चालू ठेवावी लागली नाही, हे फरक मान्य केलेच पाहिजेत. तरीही रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत एकच संस्था उत्तरदायी होती, याचे महत्त्व कमी होत नाही.

बांधकाम स्वतः किती वेगाने होऊ शकते याचा पुरावा आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने गेली, माणसे गेली. त्यानंतर तेथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. निर्णय घेणारा आणि पैसा देणारा एका बाजूला उभा राहिला की अभियंते काय करू शकतात, हे तेथे दिसले. ते पाहायला आधी माणसे जावी लागली, याचे दुःख अजून आहे.

प्रश्न : सागरी महामार्गाचे नाव लहानपणापासून ऐकतो. खाड्यांवरचे पूल अजून का होत नाहीत? (एक वाचक, श्रीवर्धन)

रेवस ते रेडी या सागरी मार्गाची कल्पना माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळापासूनची आहे. किनाऱ्याचा बराचसा रस्ता आज कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे. नाहीत ते मोठ्या खाड्यांवरचे पूल. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड ही नावे तुम्हाला पाठ असतील. समोरचा किनारा डोळ्यांनी दिसतो आणि रस्त्याने जायचे तर खाडीला वळसा घालून तास दोन तास जातात. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे येथील फेरीबोटींनी हे अंतर पुष्कळ कमी केले, पण रात्री-अपरात्री रुग्णाला न्यायचे तर फेरीबोटीचा उपयोग नाही.

या पुलांचे काम आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. हे महामंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले ते कर्ज उभारून आणि टोलमधून फेडून मोठी कामे करण्यासाठी, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्याने तसाच बांधला. किनाऱ्यावरच्या पुलावरून मात्र तेवढी वाहने जाणार नाहीत. टोलच्या हिशेबात तो पूल कधीच बसणार नाही, म्हणून त्यासाठी शासनाने स्वतःचा पैसा किंवा स्वतःच्या हमीचे कर्ज दिले पाहिजे. इतकी वर्षे हे पूल मागे राहिले त्याचे मुख्य कारण मला हेच दिसते. बाणकोट खाडीवरच्या पुलाचे काम सुरू होऊन मध्येच थांबले, ते आपण पाहिलेच आहे.

परवानग्यांचा भाग नंतर येतो, पण तो लहान नाही. खाडीपूल म्हटला की किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते. कांदळवन तोडावे लागणार असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक प्रकल्पालाही न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते. होड्या आणि मच्छीमार नौका खालून जाव्यात एवढी उंची ठेवण्यासाठी सागरी मंडळाशी विचारविनिमय होतो. मच्छीमारांचे म्हणणे मी येथे आवर्जून मांडतो. खांबांमुळे खाडीच्या तोंडाशी गाळ साचला तर नौका आत आणणे कठीण होते, आणि तो भुर्दंड त्यांनाच सोसावा लागतो. कांदळवनाची आणि मच्छीमारांची बाजू आराखडा करतानाच ऐकली तर दोन वर्षे जातील. निविदा काढल्यानंतर ऐकली तर दहा जातात.

प्रश्न : नवा रस्ता झाला की लगेच जलवाहिनीसाठी खणतात. हे टाळता येत नाही का? (एक वाचक, रत्नागिरी)

येते. रस्त्याचे अंदाजपत्रक करतानाच जलवाहिन्या, महावितरणचे खांब आणि दूरसंचार तारा हलवण्याचा खर्च त्यात धरायचा असतो आणि संबंधितांकडून त्यांचे पुढचे नियोजन मागायचे असते. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा गावोगावचे रस्ते असेच उकरले गेले, कारण दोन योजनांचा पैसा वेगळ्या विभागांकडून आणि वेगळ्या महिन्यांत आला. केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये गतिशक्ती आराखडा सुरू केला तो विविध विभागांचे प्रकल्प एकाच नकाशावर दिसावेत म्हणून. तालुक्याच्या पातळीवर मात्र साधी गोष्ट पुरेशी आहे: खोदाईची परवानगी देताना रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम आधी भरून घ्यावी, आणि दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत रस्त्यातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात ती) चालू असलेल्या रस्त्यावर खोदाई झाली तर मूळ ठेकेदाराला लेखी कळवावे. तसे न झाल्यास तो ‘रस्ता दुसऱ्याने खणला’ म्हणून आपली जबाबदारी झटकतो, आणि कागदोपत्री त्याचे म्हणणे बरोबर ठरते.

प्रश्न : महामार्ग शहराबाहेरून गेला. शहरातून जाणारा जुना रस्ता आता कोण दुरुस्त करणार? (एक वाचक, सावंतवाडी)

वळणरस्ता झाल्यावर जुना तुकडा राष्ट्रीय महामार्ग राहत नाही; एकदा त्याची सुधारणा करून तो राज्याच्या बांधकाम विभागाकडे किंवा नगरपरिषदेकडे सोपवण्याची पद्धत आहे. हस्तांतरणाचे पत्र झाले आहे का, आणि त्यापूर्वीची सुधारणा पुरी झाली होती का, हे दोन प्रश्न नगरपरिषदेत लेखी विचारावेत. सुधारणा न होताच रस्ता ताब्यात घेतला गेला असेल, तर तो खर्च नगरपरिषदेच्या माथी पडतो. हस्तांतरण अजून झाले नसेल, तर नगरसेवकांनी आधी सुधारणेची मागणी करावी आणि ती होईपर्यंत ताबा घेण्याचा ठराव करू नये.